शेवटच्या धड्यानंतर

पिंजौर हे नाव महाराष्ट्रात ज्यांच्या कानांवरून गेले असेल, त्यांच्या ते तेथील मोगल बागेमुळे गेले असेल. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाईखान याने सतराव्या शतकात ही बाग उभारली. डोंगराच्या पायथ्याशी एकाखाली एक उतरत गेलेले तिचे सात टप्पे आहेत, आणि चंडीगडहून सिमल्याकडे निघालेला प्रवासी काल्का येण्यापूर्वी घटकाभर तेथे विसावतो. या भागात माझी नेमणूक झाल्यापासून मला मात्र पिंजौर ओळखीचे झाले ते बागेपेक्षा शाळांमुळे.

गेल्या हिवाळ्यात तेथील एका सरकारी शाळेत कामानिमित्त जाणे झाले. बारावीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता आणि धडा होता आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाच्या 'शेवटचा धडा' या गोष्टीचा. एनसीईआरटीच्या इंग्रजी वाचनमालेमुळे ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट भारतातील लक्षावधी मुलांनी वाचलेली आहे. फ्रान्सचा पराभव झालेला आहे, आल्सेस प्रांत जर्मनांच्या हाती गेला आहे, आणि उद्यापासून शाळेत फ्रेंचऐवजी जर्मन शिकविली जाणार असा हुकूम बर्लिनहून आलेला आहे. हॅमेल नावाचे वृद्ध मास्तर ठेवणीतले कपडे घालून आपला अखेरचा तास घेतात, आणि रोज शाळा चुकविणाऱ्या फ्रांझला त्या दिवशी प्रथमच व्याकरण गोड लागते. मास्तरीणबाई तळमळीने शिकवीत होत्या. धडा संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरी पहाडी बोलणारी, वडील बद्दीच्या औषधांच्या कारखान्यात कामाला असलेली. तिने विचारले, ''मॅडम, फिर उस गाँव में अब कौन-सी भाषा बोलते हैं?''

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी काही वर्षांपूर्वी त्याच प्रांतात राहून आलो आहे हे त्यांना ठाऊक होते. तास संपत आला होता, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि निघालो. श्रोतेहो, ते उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही. आज त्या प्रश्नाकडे जरा सावकाश जावे असा माझा विचार आहे. आणि त्यासाठी मी त्या प्रांतातील एका प्राथमिक शाळेत काढलेल्या एका दिवसाचा आधार घेणार आहे.

चंडीगडच्या आसपास फ्रान्सचे नाव काढले की ल कॉर्बूझिए आणि त्यांच्या काँक्रीटविषयी बोलणे ओघानेच येते. त्यांना आज बाजूला ठेवू. २०१२-१३ साली मी स्ट्रासबूर्ग येथे होतो. फ्रान्सच्या वरिष्ठ नोकरशाहीला शिक्षण देणारी, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय प्रशासन संस्था तेथे होती. २०२१च्या अखेरीस ती बंद करण्यात आली आणि तिच्या जागी दुसरी संस्था आली. फ्रेंच विद्यार्थ्यांबरोबर परदेशी अधिकाऱ्यांनाही तेथे घेत असत. तिशी ओलांडल्यावर पुन्हा दप्तर घेऊन बाकावर बसण्यात जो एक संकोच असतो तो मी तेथे पुरेपूर अनुभवला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आम्हांला निरनिराळ्या सार्वजनिक कचेऱ्या दाखवीत. मी प्राथमिक शाळा मागितली. मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, थंडी अजून ओसरली नव्हती तेव्हा, सकाळी आठच्या सुमारास मी एका शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

दारावर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द कोरलेले होते. ते फ्रान्समध्ये सर्वत्रच असतात. पण रस्त्याच्या नावाची पाटी दुहेरी होती. वर फ्रेंच, खाली तेथील बोलीत, म्हणजे आल्सेसी भाषेत. स्ट्रासबूर्गच्या जुन्या भागात अशा पाट्या जागोजाग आहेत. नवख्या माणसाला वाटते की हे गाव द्विभाषिक असावे. वास्तविक बाजारात, ट्रॅममध्ये, खेळाच्या मैदानावर ऐकू येते ती फ्रेंचच. आल्सेसी ऐकायची तर म्हाताऱ्या माणसांच्या जवळ बसावे लागते.

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. आल्सेस हा ऱ्हाईन नदीच्या पश्चिम काठावरचा प्रांत. सतराव्या शतकात तो फ्रेंच राजांच्या अमलाखाली येत गेला, तरी लोकांची बोली जर्मन कुळातलीच राहिली. १८७१ साली तो जर्मन साम्राज्यात गेला. १९१८ साली फ्रान्सकडे परत आला. १९४० साली हिटलरने तो पुन्हा गिळला आणि १९४४च्या नोव्हेंबरात स्ट्रासबूर्ग मुक्त झाले. म्हणजे १८७०च्या आधी जन्मून १९४५ पाहिलेल्या माणसाचे राष्ट्र, घराचा उंबरठा न ओलांडता, चार वेळा बदलले. आणि दर खेपेस सैन्याच्या पाठोपाठ जो पहिला सरकारी नोकर बदलला तो शाळामास्तर. हिटलरच्या राजवटीत तेथे फ्रेंच बोलणे गुन्हा होता. माणसांची नावे बदलून जर्मन केली गेली आणि फ्रेंच धाटणीची बेरे टोपी घालण्यालाही बंदी झाली. मुक्ततेनंतर लंबक उलट बाजूला गेला. १९४५ साली प्राथमिक शाळांतून जर्मनचे शिक्षण थांबविण्यात आले आणि भिंतींवर घोषवाक्य लागले की फ्रेंच बोलणे हे ऐटदार आहे. सक्तीपेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक ठरला असे मला वाटते. दंडाच्या भीतीने माणूस घरात आपली बोली चालू ठेवतो. ती गावंढळ ठरविली की तो स्वतःच ती मुलांपासून लपवू लागतो.

मी ज्या वर्गात बसलो तो पाचवीचा. दहा-अकरा वर्षांची मुले, त्यांत निम्मीअधिक अशा घरांतली की जेथे फ्रेंच ही दुसरी भाषा. स्ट्रासबूर्गमध्ये तुर्की कुळातील लोकांची वस्ती मोठी आहे. त्याखेरीज मोरोक्को, अल्जीरिया येथून आलेली कुटुंबे. मुले शिक्षिकेला 'मेत्रेस' म्हणतात. आपल्या 'बाई'ला जो जवळिकीचा आणि धाकाचा मिळून एक सूर असतो, तोच त्या शब्दाला आहे.

पहिला तास श्रुतलेखनाचा. फ्रेंच शाळेत श्रुतलेखनाला जे स्थान आहे ते आपल्याकडे एके काळी पाढ्यांना होते. बाई फिरत फिरत एक उतारा सावकाश वाचतात आणि मुले शाईच्या पेनाने, जोडाक्षरी वळणाने, त्यांच्या त्या विशिष्ट वहीत लिहून घेतात. वहीला आठ-आठ मिलिमीटरवर ठळक रेघा, आणि त्यांच्या मध्ये दोन-दोन मिलिमीटरवर फिकट रेघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९२ साली, सेयेस नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने ती आखणी काढली आणि अजून सगळा देश त्याच रेघांवर लिहितो. फ्रेंचमध्ये पुष्कळशी अक्षरे लिहायची असतात पण उच्चारायची नसतात. 'तो खेळतो' आणि 'ते खेळतात' या दोन्ही वाक्यांचा उच्चार 'इल झू' असाच. भेद आहे तो केवळ कागदावर. मुलाने ऐकून लिहायचे, पण जे ऐकले त्यावर विसंबायचे नाही, अर्थाचा विचार करूनच शेवटची न ऐकू येणारी अक्षरे घालायची. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट फार निराळी नाही. 'पाणी' मधला दीर्घ आणि 'आणि' मधला ऱ्हस्व आज किती जणांच्या कानाला ऐकू येतो? नियम पाठ आहे म्हणून आपण लिहितो. हॅमेल मास्तरांच्या वर्गात फ्रांझ ज्याला भीत होता ते धातुसाधितांचे प्रकरण या न ऐकू येणाऱ्या अक्षरांतलेच आहे. मला गंमत वाटली ती ही की, माझ्या शेजारी बसलेल्या तुर्की मुलाच्या वहीत सर्वांत कमी चुका होत्या. ज्याला भाषा घरून मिळालेली नाही तो तिचे नियम अधिक आदराने पाळतो.

दहाच्या सुट्टीनंतर मला फळ्यापाशी बोलाविण्यात आले. मी देवनागरीत 'निपाणी' हा शब्द लिहिला आणि माझे गाव म्हणून सांगितले. एका मुलीने विचारले की वरची रेघ आधी ओढतात की नंतर? मी म्हटले, आमचे गुरुजी शब्द पुरा झाल्यावर ओढायला लावीत. मग तिने जे सांगितले ते माझ्या कधी ध्यानात आले नव्हते: ''आमची अक्षरे रेघेवर बसतात, तुमची रेघेला टांगलेली असतात.''

त्यानंतरचा तास गणिताचा, आणि तो जर्मनमध्ये. हा वर्ग द्विभाषिक होता. १९९०च्या दशकापासून आल्सेसच्या काही शाळांतून अशी तुकडी असते की जिच्यात आठवड्याच्या चोवीस तासांपैकी बारा तास फ्रेंचमधून आणि बारा तास जर्मनमधून शिकवितात. एका शिक्षकाने एकच भाषा बोलायची हा तिचा दंडक. हे तत्त्व जुने आहे: झ्यूल राँझा नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाशी स्वतः फ्रेंच आणि आईने जर्मन बोलायचे, कोणी भेसळ करायची नाही, असा परिपाठ ठेवला आणि त्यावर १९१३ साली ग्रंथ लिहिला. वर्गात फ्रेंचच्या बाई उठून गेल्या आणि ऱ्हाईनच्या पलीकडच्या गावातून येणारे एक तरुण गुरुजी आत आले. क्षणात मुलांचे ओठ निराळे हलू लागले.

आता या गणिताच्या तासाविषयी मला जरा अधिक बोलायचे आहे. फ्रेंचमध्ये पंचवीसला 'व्हँत-सँक' म्हणतात, म्हणजे 'वीस-पाच'. जर्मनमध्ये 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', म्हणजे 'पाच-आणि-वीस'. आपल्या 'पंचवीस'मध्येही पाच आधी आणि वीस नंतर. आपल्याला आठवत असेल की २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'बरोबर 'वीस पाच' असे वाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की मुलांना अंकांचा क्रम कळणे सोपे जावे एवढाच हेतू आहे. पण विनोद, नक्कल आणि संताप यांत ते बोलणे बुडून गेले. स्ट्रासबूर्गच्या त्या वर्गातील मूल सकाळी नऊ वाजता 'वीस-पाच' म्हणत होते आणि अकरा वाजता 'पाच-आणि-वीस', आणि त्यातून कोणाची संस्कृती बुडाली नव्हती. चुका होत होत्या, नाही असे नाही. गुरुजींनी तोंडी त्रेचाळीस सांगितले की दोघे-तिघे चौतीस लिहीत. गुरुजी हसत आणि पुन्हा सांगत. नव्वदच्या पुढे तर फ्रेंच स्वतःच दमछाक करते: नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'.

मला हे बघताना परके वाटले नाही याचे कारण मी निपाणीचा. घरी आणि शाळेत 'पंचवीस'. तंबाखूच्या वखारीत आणि बाजारात कानडी माणसाशी व्यवहार करताना 'इप्पत्तैदु', आणि कानडीतला तो शब्दही 'वीस-पाच' असाच घडलेला आहे. आमच्या पिढीतील निपाणीच्या मुलांना दोन्ही क्रम येत होते. ते येतात म्हणून कोणी आमचे कौतुक केले नाही, आणि त्याची कोणी काळजीही केली नाही.

दुपारी दीड-दोन तासांची जेवणाची सुट्टी. नगरपालिकेच्या भोजनगृहात पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे कमीअधिक दर घेऊन जेवण मिळते. स्ट्रासबूर्गमध्ये सामिष, हलाल आणि मांसविरहित असे पर्याय मुलांपुढे ठेवतात. पॅरिसमधल्या माझ्या सहाध्यायांना यात शासनाच्या धर्मनिरपेक्षतेला बाध येतो असे वाटे. स्ट्रासबूर्गच्या बाईंना त्यात फक्त ताटे दिसत होती. या बाबतीत मी बाईंच्या पक्षाचा आहे.

आणि धर्मनिरपेक्षतेचा विषय निघाला म्हणून सांगतो. झ्यूल फेरी यांनी १८८२ साली फ्रान्समधले प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले, १९०५ साली राज्य आणि चर्च यांची कायद्याने फारकत झाली. पण त्या दोन्ही साली आल्सेस फ्रान्समध्ये नव्हताच! जर्मनीने जुने फ्रेंच कायदे तेथे तसेच चालू ठेवले होते, आणि १९१८ नंतर प्रांत परत आला तेव्हा लोकांनी ते सोडायला नकार दिला. त्यामुळे ज्या देशात सरकारी शाळेत धर्माचा उच्चारही करीत नाहीत त्या देशाच्या या एका कोपऱ्यात प्राथमिक शाळेच्या आठवड्यात धर्मशिक्षणाचा एक तास आहे. पालकांनी चिठ्ठी दिली की मुलाला त्यातून सूट मिळते. मी गेलो त्याच्या महिनाभर आधी, २१ फेब्रुवारी २०१३ रोजी, फ्रान्सच्या संविधान परिषदेने पाद्र्यांना सरकारी वेतन देण्याची तेथील पद्धत घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला होता. 'प्रजासत्ताक एक आणि अविभाज्य' अशी ज्याची घोषणा, त्याने कायद्यात एवढी मोठी ठिगळे निमूटपणे सांभाळलेली पाहून माझ्यातल्या सरकारी नोकराला फार बरे वाटले.

दुपारच्या तासानंतर, मुले गेल्यावर, फ्रेंचच्या बाईंशी बोलत बसलो. त्यांची आजी १९४५ नंतर शाळेत होती. अंगणात आल्सेसी बोलताना सापडलेल्या मुलाला शिक्षा मिळे. फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रेतान्यमध्ये, मुलाच्या गळ्यात एखादी खूण अडकवीत. ती त्याने ब्रेताँ बोलणाऱ्या दुसऱ्या मुलाला पकडून त्याच्या गळ्यात घालायची, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात ती उरे त्याला मार. (मराठी बोलल्याबद्दल मुलांकडून दंड घेणाऱ्या आपल्याकडील इंग्रजी शाळांना ही युक्ती माहीत नसावी, हे सुदैव.) बाई म्हणाल्या, ''आजीने आईशी आल्सेसी बोलणे सोडले, म्हणून आईला ती समजते पण बोलता येत नाही, आणि मला समजतही नाही. मी माझ्या मुलीला या द्विभाषिक वर्गात घातले आहे. ती जर्मन शिकेल. पण आजीची भाषा ही नव्हे.'' शिक्षणखात्याने १९८०च्या दशकात असे ठरविले की, आल्सेसी बोलीचे लेखी रूप म्हणजे प्रमाण जर्मन. प्रशासनाच्या दृष्टीने हे सोयीचे होते. मृत्युशय्येवरच्या माणसाच्या नावाने त्याच्या चुलतभावाला बोलावून आणावे, तसे ते आहे.

येथे मला दोदेच्या गोष्टीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. गोष्ट पिळवटून टाकणारी आहे यात वाद नाही. पण ती पुन्हा वाचा. फ्रांझ आपल्या आईशी कोणत्या भाषेत बोलतो? गोष्ट ते सांगत नाही. मास्तरांना खंत आहे ती ही की गावकऱ्यांना फ्रेंच धड लिहिता-वाचता येत नाही. का येत नाही? आळसामुळे, असे गोष्टीत सुचविले आहे. खरे कारण एवढेच की त्या गावकऱ्यांची ती मातृभाषा नव्हती. याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. पारतंत्र्यात पडलेल्या लोकांपाशी त्यांची भाषा असली तर तुरुंगाची किल्लीच हाती असल्यासारखे आहे, हा जो विचार हॅमेल मास्तर बोलून दाखवितात, त्याला मूळ फ्रेंच पुस्तकात तळटीप आहे आणि तीत फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीचे नाव आहे. हा मिस्त्राल १९०४चा नोबेल पारितोषिक मिळालेला, आणि दोदेचा मित्र. तो लिहीत असे प्रोव्हान्सालमध्ये, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या त्या भाषेत जिला फ्रेंच शाळेने दारातून बाहेर घालविले होते. त्याने किल्ली म्हटले होते ते प्रोव्हान्सालला. दोदे स्वतः त्याच दक्षिणेतल्या नीम गावचा. मित्राच्या दाराची किल्ली त्याने घेतली आणि भलत्याच कुलुपाला लावली. इंग्रजी अनुवादात ती तळटीप सहसा नसते, म्हणून पिंजौरच्या मुलांना आणि बहुधा त्यांच्या बाईंनाही ही कथा कळत नाही.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: आज त्या गावात फ्रेंच बोलतात. हॅमेल मास्तर जिंकले. आणि ते जिंकले तेव्हा फ्रांझच्या आईची भाषा हरली.

यावरून फ्रान्सला नावे ठेवणे सोपे आहे, पण मला ते करायचे नाही. १९९२ साली त्यांनी संविधानात लिहिले की प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. त्याच वर्षी युरोपातील प्रादेशिक भाषांची सनद सह्यांसाठी मांडली गेली ती स्ट्रासबूर्गमध्येच, कारण युरोपीय परिषदेचे ठाणे तेथे आहे. फ्रान्सने १९९९ साली तिच्यावर सही केली आणि अनुसमर्थन काही केले नाही. २००८ साली प्रादेशिक भाषा हा देशाचा वारसा असल्याचे संविधानात आले. २०२१ साली संपूर्ण शिक्षण त्या भाषांतून देण्याची तरतूद संविधान परिषदेने रद्द केली. एक हात पुढे, एक हात मागे. पण त्याच शाळेने वर्गातल्या तुर्की मुलाला कोणाही वकिलाच्या मुलाइतकी स्वच्छ फ्रेंच दिली, हेही मी डोळ्यांनी पाहिले. समान भाषा ही गरिबाची शिडी असते. ज्यांनी ती चढून झाली आहे त्यांनी तिची निंदा करू नये. आल्सेसमध्येच जन्मलेले आल्बर्ट श्वाइट्झर यांनी बाखवरचा ग्रंथ १९०५ साली फ्रेंचमध्ये लिहिला, आणि १९०८ साली जर्मनमध्ये भाषांतर न करता तो नव्याने, अधिक विस्ताराने लिहून काढला. दोन्ही हातांनी लिहिणारी अशी माणसे त्या प्रांताने दिली, ती भाषांची ओढाताण होत असतानाच.

आपल्या देशाने दुसरी वाट धरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. माझे निपाणी त्यातच. त्या सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्यावर मत देणे माझ्या अधिकारात नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते निराळ्या गोष्टीकडे. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने ही राज्ये घडली तिनेच घटनेत ३५० क हे कलम घातले, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. रेघ ओढतानाच, रेघेच्या चुकीच्या बाजूला जी मुले राहणार त्यांची आठवण कोणीतरी ठेवली होती. त्या कलमाची अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली असे नाही. तरी माझी सात वर्षे मराठी शाळेत गेली, तीही परराज्यात, ती त्यामुळे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे, राज्याने त्यांच्यावर माध्यम लादायचे नाही. सक्ती गेली हे ठीकच. पण पालक ठरवितात म्हणजे बहुधा इंग्रजी ठरवितात, हेही आपण पाहतोच आहोत.

आणि पिंजौर? आज ते हरयाणात, पंचकुला जिल्ह्यात आहे. पंजाब पुनर्रचना कायदा, १९६६, काढून पाहा. कोणते जिल्हे हरयाणाला, कोणते तालुके, अशी यादी आहे, आणि तीत 'अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीतील पिंजौर कानूनगो मंडल' असे नाव घेऊन लिहिलेले आहे. हिंदी आणि पंजाबी यांच्या मधली रेघ या गावाला वळसा घालून गेली. तीही १ नोव्हेंबरलाच, निपाणीच्या नंतर बरोबर दहा वर्षांनी. येथे पुढे एचएमटीचा कारखाना वाढला, देशभरातून कामगार आले. आता बद्दीच्या कारखान्यांमुळे बिहार आणि उत्तर प्रदेशातून येतात. येथल्या वर्गात मैथिली, भोजपुरी, पहाडी, पंजाबी, बांगरू असे पाचसहा आवाज असतात आणि पुस्तक एकाच हिंदीत. स्ट्रासबूर्गच्या बाई महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला घरच्या भाषेतले एक गाणे वर्गात म्हणायला सांगत. यासाठी कायदा लागत नाही, खर्च लागत नाही. येथील दोन-तीन शाळांना मी ते सुचविले आहे. एकीने सुरूही केले आहे, आणि मुख्याध्यापक म्हणतात की जी मुले वर्षभर तोंड उघडत नव्हती त्यांतली काही गाऊ लागली.

माझी मुलगी तिसरीत आहे. ती शाळेत हिंदी-इंग्रजी आणि घरी मराठी बोलते; पण तिची मराठी दिवसेंदिवस हिंदीच्या वळणावर जात आहे. 'काळा'ला ती 'काला' म्हणते, 'फळ'ला 'फल'. लिपी एकच असल्याने मराठी वाचणे सोपे जाईल अशी माझी समजूत होती. पण लिपीतला एक 'ळ' तिच्या पुस्तकात नाही, आणि जे पुस्तकात नाही ते मुलाच्या जिभेवर टिकत नाही. मौज अशी की आमच्या बंगल्याचा माळी रोहतककडचा आहे आणि तो 'काळा', 'ताळा' असा स्वच्छ ळ उच्चारतो. हरयाणवीत तो वर्ण आहे, पंजाबीत आहे, डोंगरातल्या बोलींत आहे. नाही तो फक्त शाळेत. महिन्यापूर्वी मुलीला ते उमगले. तेव्हापासून ती ळ शिकायला माळीकाकांकडे जाते.

दर रविवारी सकाळी दीड तास मी तिला मराठी शिकवितो. राँझाच्या नियमाप्रमाणे त्या वेळात हिंदीचा एक शब्द चालत नाही. गेल्या रविवारी तिने निपाणीला आजीला पहिले पत्र लिहिले. 'बाळ', 'आभाळ', 'जेवणाची वेळ' हे सगळे ळ जागच्या जागी होते, आणि शब्द पुरा झाल्यावरच वरची रेघ ओढलेली होती. तारीख होती पंचवीस. ती मात्र तिने अक्षरांत न लिहिता आकड्यांत लिहिली.